सरनामा : इंटरनेटच्या नव्या पत्त्यांविषयी



ज्या गुरुजींच्या नावे ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या स्मृतीस प्रथम अभिवादन करते. मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापिकेने इंटरनेटच्या पत्त्यांवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. पत्रिका हाती पडताच एका माजी विद्यार्थ्याने दूरध्वनी करून विचारलेही, "बाई, हा विषय संगणकवाल्यांचा नव्हे का?" मी त्याला म्हटले, पत्ता हा आधी भाषेचा विषय आहे, यंत्रांकडे तो फार उशिरा गेला. माझा प्रबंध अठराव्या शतकातील मराठी पत्रव्यवहाराच्या भाषेवर होता. आज आपण ज्याला पत्ता म्हणतो, त्याला त्या पत्रांच्या जगात सरनामा म्हणत. मजकूर आत, सरनामा वर. इंटरनेटवरून धावणाऱ्या प्रत्येक तुकड्याची रचना नेमकी अशीच आहे, हे कळले तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागले. सरनाम्याची पद्धत बदलते तेव्हा कोणाला स्वतःच्या नावाने पत्र येते आणि कोणाला दुसऱ्याच्या मार्फत, हेही बदलते. आजच्या व्याख्यानात मला मुख्यतः एवढेच सांगायचे आहे.

आरंभ आपल्या गावापासूनच करू. जुन्या भोपाळात इतवारा, मंगलवारा, बुधवारा, जुमेराती असे मोहल्ले आहेत. पुण्याच्या माणसाला ही नावे ऐकून आपल्या बुधवार-शुक्रवार पेठांची आठवण होते. वाराचे नाव देणे सोयीचे खरे. पण वार सातच. आठव्या पेठेला दुसरे नाव शोधावेच लागते, म्हणून पुण्यात सदाशिव, नारायण, भवानी अशा पेठा झाल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले, भोपाळ राजधानी ठरले आणि नागपूरच्या कचेऱ्यांबरोबर कितीतरी मराठी घरेही इकडे आली. त्यानंतर जे नवे शहर वाढत गेले, त्याने वारांच्या ऐवजी आकडे घेतले. सहा नंबर, दहा नंबर, पंचेचाळीस बंगले, चौऱ्याहत्तर बंगले, बाराशे पन्नास. बाहेरगावच्या पाहुण्याला ही नावे ऐकून हसू येते. मला त्यांतले 'अकराशे क्वार्टर्स' हे नाव विशेष अर्थपूर्ण वाटते. घरांची संख्या हेच वस्तीचे नाव! अकराशेएकावे कुटुंब आले तर त्याची सोय अन्यत्र पाहावयाची, हे त्या नावातच आले. इंटरनेटच्या जुन्या पत्त्यांचे जे झाले ते याहून फारसे वेगळे नाही.

पण तिथे पोहोचण्यापूर्वी टपालाचा थोडा मागोवा घ्यावा लागेल. स्वारीवर असलेल्या सरदाराला पत्र धाडायचे तर गावाचे नाव लिहून उपयोग नसे. तळ आज इथे तर परवा तिथे. सरनाम्यात नाव आणि किताब असत, बाकीचा पत्ता जासुदाच्या डोक्यात. त्या काळाचा एक अवशेष आपण परवापरवापर्यंत लिफाफ्यावर वागवीत होतो. 'मु. पो., ता., जि.' यांतला 'मु.' म्हणजे मुक्काम, म्हणजे तात्पुरता तळ. पिढ्यान्पिढ्या एकाच घरात राहणारा माणूसही स्वतःच्या गावापुढे मुक्काम असे लिहीत असे! या पद्धतीत आपण लहानाकडून मोठ्याकडे जातो, आधी गाव आणि शेवटी जिल्हा. पत्र वाटणाऱ्याला मात्र उलटा क्रम हवा असतो.

तो उलटा क्रम १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोडच्या रूपाने आला. त्यामागे डाक-तार खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर होते. हे वेलणकर संस्कृतात नाटके आणि काव्ये लिहिणारे पंडित, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे, मला माहीत नाही. सहा आकड्यांतला पहिला आकडा देशाचा मोठा विभाग दाखवतो, दुसरा उपविभाग, तिसरा पत्रांच्या वर्गवारीचा जिल्हा आणि शेवटचे तीन आकडे वाटप करणारे टपाल कार्यालय. भोपाळच्या मुख्य टपाल कार्यालयाचा आकडा ४६२००१. आरंभीचा चार आपला आणि महाराष्ट्राचा एकच आहे; गोवा आणि छत्तीसगडही त्यातच येतात. राज्यपुनर्रचनेने जे वेगळे केले, ते टपाल खात्याने निदान एका आकड्यापुरते एकत्र ठेवले, अशी गंमत मी वर्गात नेहमी सांगत असे. एक गोष्ट येथे लक्षात ठेवावी. पिनकोड न लिहिलेले पत्र पोस्टाने परत पाठवले नाही. उशीर झाला असेल, पण पोस्टमन सांभाळून घेई.

आता इंटरनेटकडे वळू. इंटरनेटवरून जाणारा मजकूर, मग ते पत्र असो, छायाचित्र असो, की परदेशातील नातवाचा बोलता चेहरा असो, लहान लहान तुकड्यांत विभागला जातो. प्रत्येक तुकड्यावर स्वतंत्र सरनामा, त्यात पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा असे दोन्ही पत्ते. वाटेवरची यंत्रे सरनामा वाचतात आणि लखोटा पुढच्या नाक्याकडे ढकलतात. सप्टेंबर १९८१ मध्ये या सरनाम्याचे जे नियम प्रसिद्ध झाले, त्यांना चौथी आवृत्ती म्हणतात. तिच्यात पत्त्यासाठी बत्तीस जागा आहेत आणि प्रत्येक जागी शून्य किंवा एक. गणित सोपे आहे : एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६. चारशे एकोणतीस कोटींच्या वर एकही नाही.

एवढेच का ठेवले, असा प्रश्न आपण विचाराल. या जाळ्याच्या जनकांपैकी एक, व्हिंट सर्फ, यांनी अनेकदा सांगितले आहे की, १९७७ च्या सुमारास हा निर्णय झाला तेव्हा हा एक प्रयोग होता आणि प्रयोगापुरते चारशे कोटी पत्ते पुष्कळच होते. प्रयोग संपलाच नाही. तो जगभर पसरला, आणि अकराशेएकावे कुटुंब दारात येऊन उभे राहिले.

त्यातच वाटप विषम. आरंभीच्या काळात मागेल त्याला मोठमोठे गठ्ठे दिले गेले. अमेरिकेतील एमआयटी या एका शिक्षणसंस्थेकडे १,६७,७७,२१६ पत्ते होते. त्यांतले बहुसंख्य न वापरलेले आहेत, असे सांगून २०१७ मध्ये संस्थेने त्यांचा मोठा भाग विकावयास काढला. याउलट भारताच्या दूरसंचार विभागाने २०१३ च्या आराखड्यात नोंदवले की, आपल्या देशाकडे सुमारे साडेतीन कोटी पत्ते आहेत आणि डेटा वापरणारे सुमारे छत्तीस कोटी. दहा माणसांत एक पत्ता! आधी आले त्यांनी वाडे बांधले, उशिरा आले ते माडीवर, जिन्याखाली, पडवीत. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जगाच्या मध्यवर्ती कोठारातील शेवटचे गठ्ठे वाटले गेले. आशिया-पॅसिफिक विभागाचा साठा त्याच वर्षी १५ एप्रिलला अखेरच्या राखीव गठ्ठ्यावर आला.

मग इतकी वर्षे आपले कसे चालले? याचे उत्तर मराठी पत्रलेखनातल्या एका शब्दात आहे : 'द्वारा'. भाड्याच्या खोलीत राहणारे आपले वडीलधारे पत्त्यात 'द्वारा श्री. अमुक' असे लिहीत आणि घरमालकाच्या नावावर पत्रे येत. १९९४ साली इंटरनेटच्या अभियंत्यांनी हीच युक्ती लेखी मांडली. बाहेरच्या जगाला एकच पत्ता दिसावा, आत कितीही यंत्रे असावीत. दारावरचे यंत्र एक वही ठेवते : आतल्या कोणी, कोणाला, कधी पत्र धाडले. उत्तर आले की वही पाहून ते त्या खोलीत पोचते करते. व्यवस्था चतुर आहे, आणि तात्पुरती म्हणूनच आली होती. पण वहीत ज्याची नोंद नाही असे पत्र बाहेरून आले, तर ते कोणत्या खोलीचे हे दारावरच्या यंत्राला कळत नाही. ते टाकून दिले जाते. म्हणजे भाडेकरू बाहेर हाक मारू शकतो; त्याला कोणी आपण होऊन हाक मारू शकत नाही.

पुढे सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांनीही हीच युक्ती वापरली. घराच्या दारामागे अनेक यंत्रे, आणि कंपनीच्या दारामागे हजारो घरे. द्वाराच्या मागे द्वारा. त्याचे परिणाम आपण भोगतो, पण ओळखत नाही. अरेरा कॉलनीत वृद्ध आईवडील एकटे राहतात, मुलगा पुण्याला किंवा अमेरिकेत. त्याने घरात कॅमेरा बसवला. मुलाला घर दिसते, पण सरळ नव्हे. कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीच्या दूरच्या यंत्रामार्फत. आपल्याच घराच्या बैठकीत डोकावायला तिसऱ्याची मध्यस्थी! ती कंपनी उद्या बंद पडली, तर कॅमेरा भिंतीवर असतो आणि घर दिसेनासे होते. दुसरा परिणाम असा की, सामायिक पत्त्यामागच्या एकाने कुठे उपद्रव केला आणि त्या पत्त्याला बंदी झाली, तर वाड्यातल्या सगळ्यांनाच बंदी. गुन्ह्याचा तपास करणाऱ्याच्या हाती पत्ता लागतो. पण त्या पत्त्यामागे त्या क्षणी शेकडो माणसे असू शकतात, आणि त्यांतला नेमका कोण, हे सर्वस्वी कंपनीच्या वहीवर अवलंबून. वही नीट नसेल तर संशय कोणावरही. स्वतःचा पत्ता नसणे म्हणजे स्वतःची जबाबदारीही पुरती स्वतःची नसणे, असा याचा अर्थ मी लावते.

या अडचणीवरचा मूळ उपाय म्हणजे सरनाम्याची सहावी आवृत्ती. (पाचवी कुठे गेली, असे विद्यार्थी विचारतात. तो क्रमांक आवाजासारखा अखंड प्रवाह वाहून नेण्याच्या एका जुन्या प्रयोगाला दिला गेला होता, म्हणून तो वगळला.) तिचे नियम १९९५ पासून प्रसिद्ध होत गेले, डिसेंबर १९९८ मध्ये सुधारून आले आणि जुलै २०१७ मध्ये त्यांना पूर्ण मानकाचा दर्जा मिळाला. बत्तीसच्या ठिकाणी आता एकशे अठ्ठावीस जागा. जागा चौपट झाल्या म्हणून पत्ते चौपट झाले, असे मात्र समजू नये; प्रत्येक नव्या जागेने संख्या दुप्पट होते. ३४० च्या पुढे छत्तीस शून्ये लिहावीत, इतके पत्ते. आपल्याकडे भास्कराचार्यांच्या लीलावतीत संख्यांची नावे परार्धापर्यंत जातात, म्हणजे एकावर सतरा शून्ये. परार्धाला परार्धाने गुणावे आणि आलेल्या संख्येला पुन्हा चौतीस हजारांनी, तेव्हा कुठे या पत्त्यांची गणती होते. या व्यवस्थेत एका घरगुती जोडणीला जो लहानात लहान गठ्ठा देण्याचा रिवाज आहे, त्यात जगाच्या सगळ्या जुन्या पत्त्यांएवढे पत्ते चारशे एकोणतीस कोटी वेळा मावतात. हे आकडे मी केवळ विस्मयासाठी सांगत नाही. आठव्या पेठेला नाव कोठून आणावे, हा प्रश्नच उरू नये अशा बेताने ही संख्या ठरवली आहे.

हे पत्ते लिहिण्याची रीत वैयाकरणाला आवडावी अशी आहे. चार-चार चिन्हांचे आठ गट, मध्ये दोन टिंबे. मधले शून्यांचे गट गाळून त्या जागी दोन टिंबांच्या दोन जोड्या लागोपाठ ठेवायची मुभा आहे. उदाहरणाच्या लेखनासाठी राखून ठेवलेला एक पत्ता असा : २००१:डीबी८::१. येथे मधले पाच गट लोपले आहेत. संस्कृतातील अवग्रह जसा 'इथे अ होता' असे सांगतो, तशी ही खूण 'इथे शून्ये होती' असे सांगते. मात्र एका पत्त्यात ती एकदाच वापरता येते. दोनदा वापरली तर कोणत्या जागी किती गट लोपले, हे ठरवता येणार नाही. लोपाला मर्यादा हवी, नाहीतर अर्थ हरवतो, हे त्या अभियंत्यांना कोणा व्याकरणकाराने शिकवले नसणार. गरजेने शिकवले.

इतके चांगले आहे, तर मग पंचवीस-तीस वर्षे का लागली आणि अजूनही काम अपुरे का? पूर्वी एकदा असे स्थित्यंतर एका दिवसात झाले होते. १ जानेवारी १९८३ हा दिवस ठरवून अमेरिकेतील त्या आरंभीच्या जाळ्याने जुने नियम सोडले आणि चौथी आवृत्ती घेतली. तेव्हा जोडलेली यंत्रे शेकड्यांत मोजण्याइतकी होती. आता असा दिवस ठरवणे शक्य नाही. त्यातून एक अडचण अशी की, दोन आवृत्त्या एकमेकींना समजत नाहीत. पिनकोडाशी जो भेद लक्षात ठेवावा म्हणून मी मघाशी सांगितले, तो येथे येतो. पिनकोड जुन्या पत्त्यात भर घालून आला. नव्या सरनाम्याची मांडणीच निराळी आहे. फक्त चौथी जाणणारे यंत्र सहावीचा सरनामा वाचूच शकत नाही, आणि येथे सांभाळून घेणारा पोस्टमन नाही. म्हणून दोन्ही व्यवस्था शेजारी शेजारी चालवाव्या लागतात, किंवा मध्ये दुभाषा बसवावा लागतो. हा खर्च आज करावा लागतो आणि लाभ सगळे बदलल्यावर होतो. मग ज्याच्याकडे जुने पत्ते भरपूर, तो म्हणतो, मला घाई काय आहे? वाड्याच्या मालकाला भाडेकरूच्या अडचणीची घाई कधी होती!

भारताची कथा येथे वेगळी आहे. दूरसंचार विभागाने पहिला आराखडा जुलै २०१० मध्ये काढला. मोठ्या सेवादात्यांनी २०११ अखेर आणि सरकारी कार्यालयांनी मार्च २०१२ पर्यंत तयार व्हावे, असे ठरले. मुदती हुकल्या, २०१३ मध्ये दुसरा आराखडा आला, नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा नव्या मुदती. सरकारी मुदतींविषयी अधिक बोलण्याची गरज नाही, आपण सगळे याच देशात राहतो. स्थित्यंतराला गती आली ती निराळ्याच वाटेने. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली. त्या कंपनीचे जाळे नवे कोरे होते, बोलणेही डेटाच्याच वाटेने जाणारे. सांभाळण्यासारखे जुने जवळ नव्हते आणि जुने पत्ते घ्यावेत म्हटले तर शिल्लक नव्हते. त्यांनी आपल्या ग्राहकांना सरळ सहाव्या आवृत्तीवर आणले. इतर मोबाइल कंपन्यांनाही त्या वाटेने यावे लागले. गेल्या काही वर्षांच्या मोजण्यांत भारतातील सत्तर टक्क्यांहून अधिक वापर नव्या पत्त्यांवरून होताना दिसतो, जगाची सरासरी निम्म्याच्या आसपास असताना. वाडा नव्हता म्हणून आपण नव्या वस्तीत आधी पोचलो. हे यश मुख्यतः मोबाइलचे आहे, हे मात्र विसरू नये. अनेक संकेतस्थळे आणि कार्यालयांतील जोडण्या अजून जुन्याच पत्त्यावर आहेत.

दोन आवृत्त्या शेजारी चालतात, तेव्हा यंत्र कोणती निवडते? मला या विषयाने खरे पकडले ते येथे. आपल्या हातातला फोन आधी नव्या पत्त्याने हाक मारतो आणि अंदाजे पाव सेकंद थांबतो. उत्तर आले नाही तर जुन्या पत्त्यानेही हाक मारतो, आणि जे आधी पोचेल ते घेतो. वापरणाऱ्याला खोळंबा होऊ नये, हा हेतू. नव्याला प्राधान्य आहे, म्हणजे काय? तर पाव सेकंदाची वाट पाहणे आहे. तेवढी सवलत काढून घेतली, तर जी वाट त्या क्षणी जलद तीच चालू लागेल, आणि दुसरी वापराविना पडून राहील.

भोपाळचे मराठी घर असेच दुहेरी आहे. दाराबाहेर हिंदी, दाराआत मराठी. मी याच शहरात पस्तीस वर्षे मराठी शिकवली, आणि माझ्या वर्गातली पटसंख्या कशी उतरत गेली हे मी पाहिले आहे. मूल शाळेतून येते, काही सांगू लागते, मराठी शब्द जिभेवर यायला क्षणभर लागतो. तेवढ्यात हिंदी शब्द येऊन जातो. त्यात मुलाचा दोष नाही. प्रश्न एवढाच की, आई किंवा आजी तो क्षण थांबते की नाही. अभियंत्यांची इच्छा अशी आहे की, दुहेरी अवस्था संपावी आणि जुनी आवृत्ती निवृत्त व्हावी, कारण दोन्ही चालवणे महाग पडते. माझी इच्छा उलट आहे. मला दोन्ही हव्या आहेत, आणि त्याचा खर्च घरांनी सोसावा असे मला वाटते. येथे यंत्राची उपमा संपते आणि ती संपावी हेच बरे.

आता एका शंकेचा परामर्श. प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता म्हणजे प्रत्येक यंत्र जगाला उघडे, असे नव्हे का? द्वाराच्या मागे आपण सुरक्षित होतो, असे पुष्कळांना वाटते. पण तो पडदा होता, कुलूप नव्हे. स्वतःचे दार आले की कुलूपही स्वतःचे लावावे लागते, आणि तशी सोय दारावरच्या यंत्रात असते. ती चालू आहे की नाही, हे पाहिले पाहिजे. दुसरी शंका अधिक खरी होती. आरंभी यंत्राच्या कायम क्रमांकावरूनच पत्त्याचा उत्तरार्ध बनवण्याची रीत होती, त्यामुळे माणूस घरी असो, कचेरीत असो की परगावी, त्याचा माग काढणे सोपे झाले असते. २००१ मध्येच त्यावर उपाय निघाला : यंत्राने बाहेर बोलताना तात्पुरता पत्ता घ्यावा आणि तो ठरावीक काळाने, बहुधा दररोज, बदलावा. म्हणजे स्वारीतल्या सरदारासारखा मुक्काम पुन्हा फिरता झाला! 'मु.' हा शब्द लिफाफ्यावरून गेला आणि यंत्रात जाऊन बसला.

शेवटी शाळेसंबंधी. मुख्याध्यापिकाबाईंनी विचारले की, आपल्या संगणक कक्षात काय करावे. मी अभियंता नाही. पण चौकशी करून इतके सांगू शकते. २०२१ च्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२२ नंतरच्या नव्या घरगुती व किरकोळ तारजोडण्या सहाव्या आवृत्तीसह मिळावयास हव्यात. शाळेची जोडणी त्याआधीची आहे. पुरवठादाराला लेखी विचारावे की, ती सुरू करून मिळेल काय. दारावरचे यंत्र जुने असेल तर बदलावे, नवे असेल तर त्यात ही सोय पुष्कळदा असते पण बंद ठेवलेली असते. कुलूप तपासावे. शाळेचे संकेतस्थळ दोन्ही पत्त्यांवर पोचते की नाही, हे पाहावे. समोर बसलेल्या माजी विद्यार्थ्यांत या विद्येचे जाणकार निदान चार-पाच तरी आहेत. त्यांनी एखादा शनिवार द्यावा, अशी विनंती मी त्यांच्या वतीने, त्यांना न विचारता, येथेच मान्य करून टाकते.